भास्कररावांना न कळलेलं पुस्तक

भास्करराव उतेकरांची आणि माझी ओळख एका भांडणात झाली, आणि ते भांडण माझं नव्हतं. मी महाडच्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. संध्याकाळ सरता सरत नसे म्हणून बाजारपेठेच्या टोकाच्या वाचनालयात शिरलो, तर एक गृहस्थ टेबलावर हात आपटत होते आणि टेबलापलीकडे काळी टोपी घातलेला, किडकिडीत, चाळिशीला टेकलेला माणूस त्यांच्याकडे अगदी मनापासून विचारात पडून बघत होता.

"अहो, खून दिवाणजीनं केला हे तुम्ही पहिल्याच पानाला चिकटवून ठेवलंत! आता तीनशे पानं मी कशाला वाचू?"

"पण सार तेच आहे ना त्याचं?" भास्करराव म्हणाले. "एका ओळीत सांगायचं तर तेच येतं. तुम्ही वाचा आणि दुसरं काही निघालं तर सांगा, मी चिठ्ठी बदलतो."

वाचनालय उघडणं, झाडणं, पुस्तकं देणं-घेणं, सगळं भास्करराव एकटेच करत. मुंबईहून पार्सल आलं की प्रत्येक पुस्तक ते आधी स्वतः वाचत आणि आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवत. चिठ्ठीवर सुरेख अक्षरात एक ओळ. पाचशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीवर, 'शौर्य पुष्कळ होते, परंतु घरभेद नडला.' स्वयंपाकाच्या पुस्तकावर, 'घाई करू नये.' एका जाडजूड वेदान्तावर त्यांनी लिहिलं होतं, 'सोडून द्यावे,' आणि ते विषयाबद्दल होतं की वाचकाला सल्ला होता हे शेवटपर्यंत कोणाला समजलं नाही. त्या भांडणानंतर रहस्यकथांपुरती त्यांनी माघार घेतली. तिथे ते लिहू लागले, 'गुन्हेगार सापडतो.'

दुसरी त्यांची सवय रबराची. वाचकांनी समासात पेन्सिलीनं काही खरडलं की भास्कररावांना ते खपत नसे. सुट्टीच्या दिवशी ते वाचनालयाच्या ओट्यावर बसून एकेक पान खोडत. "पुस्तक सगळ्यांचं आहे मास्तर, मत ज्याचं त्याचं. ज्याचं त्यानं घरी ठेवावं." खोडलेल्या रबराचा भुगा ते तळहातावर गोळा करून बाहेर टाकत, जणू तोही कोणाच्या अंगावर पडू नये.

असा हा माणूस. प्रत्येक गोष्टीला एक ओळ असते आणि ती नीट शोधली की सापडते, एवढी त्यांची श्रद्धा. ती मोडली एका कादंबरीनं.

कादंबरीचं नाव 'ओटीतून ओटीत'. लेखिकेचं नाव छापलेलं नव्हतं, नुसतं 'एक गृहिणी'. भास्कररावांनी यादीतलं नाव वाचून ती मागवली होती. "मला वाटलं, हळदीकुंकवाचं, सणावारांचं काही असेल," असं ते मागाहून सांगत. गोष्ट अशी होती : जानकी नावाच्या बाईला पाच मुलं. धाकट्या बहिणीला मूल नाही. जानकी आपला तिसरा मुलगा बहिणीच्या ओटीत घालते. बहीण मुलाला घेऊन जाते आणि त्या दिवशी जानकी पोटभर जेवते, कित्येक वर्षांनी सूर्य वर येईपर्यंत झोपते. पुढे मुलगा मोठा होऊन भेटायला येतो. ती त्याला पाट मांडते, पाहुण्यासारखी वागवते आणि 'जेवून जा' म्हणते. तिथे पुस्तक संपतं. तिला दुःख झालं होतं की नव्हतं, हे लेखिका कुठेच सांगत नाही.

भास्कररावांनी पुस्तक दोन दिवसांत वाचलं. चिठ्ठी चिकटवली, पण कोरी. "लिहितो," म्हणाले. "जरा लोकांचं म्हणणं कानावर येऊ दे."

लोकांचं म्हणणं कानावर यायला वेळ लागला नाही. वाचनालयाचे अध्यक्ष जोगळेकर वकील. ते पुस्तक परत करायला स्वतः आले आणि दोन बोटांत धरून त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "ही आई आहे? मूल देऊन ढाराढूर झोपते? आपल्या आयाबहिणींच्या हातात हे जाता कामा नये." त्यानंतर चारच दिवसांनी निवृत्त हेडमास्तर आले, डोळे पुसत. त्यांचं म्हणणं, इतकं थोर मातृहृदय मराठीत आजवर कोणी रंगवलं नाही. ती झोपली कुठे? ती झोपेचं सोंग घेऊन रडली. ओळींच्या मधलं वाचावं लागतं. मुलींच्या शाळेत हे बक्षीस म्हणून द्यावं.

"पण मधल्या ओळीत काही छापलेलं नाही," भास्करराव म्हणाले.

"म्हणूनच तर!" हेडमास्तर म्हणाले आणि गेले.

दासगावचे काझीशेठ लाकडाचे व्यापारी. आठवड्याला एक कादंबरी नेत आणि ठरल्या दिवशी परत आणत. त्यांनी पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "मूल दिलं ते दिलं. आमच्यातही देतात. पण पुढं एकाही सणाला पोराला बोलावलं कसं नाही हो तिनं? ते मला खटकलं." जोगळेकर आणि हेडमास्तर दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. भास्करराव लगेच पुस्तक उघडून सण शोधायला बसले. खरोखरच एकही सापडला नाही.

पण खरा घोळ केला पेन्सिलीनं. त्या काळी बायका वाचनालयात येत नसत. पुस्तकं घरच्या पुरुषांच्या नावावर जात आणि आतल्या खोलीत वाचली जात. महिना-दीड महिन्यानं भास्करराव रबर घेऊन बसले आणि मला हाक मारून त्यांनी ते पान दाखवलं. जानकी झोपते ते. समासात बारीक अक्षरात कोणीतरी लिहिलं होतं, 'हे खरे आहे.' त्याखाली दुसऱ्या हातानं, 'लाज नाही वाटत?' आणि अगदी तळाला, पुसट, शुद्धलेखनाचा पत्ता नसलेलं, 'माझे पन असेच झाले.'

रबर त्यांच्या हातात होतं.

"खोडा की," मी म्हणालो.

"कुठलं?" त्यांनी विचारलं. "एक खोडलं तर दुसऱ्याची बाजू घेतल्यासारखं होतं." आणि त्यांनी पुस्तक तसंच मिटलं.

त्यांच्या घरीही ते पुस्तक पोचलं होतं. त्यांची बायको, काशीबाई, वाचायला लग्नानंतर नवऱ्याकडूनच शिकलेली. त्यांना मूल नव्हतं. मी एकदा चहाला गेलो असताना भास्कररावांनी तोच विषय काढला आणि जानकी बरोबर की चूक, असं माझ्याशी बोलू लागले. काशीबाई दाराआडून म्हणाल्या, "मास्तर, ह्यांना विचारा, ती बहीण कुठं गेली? घेणारी? तिचं नावसुद्धा मोजून पाच वेळा आलंय. सगळे भांडतात ते देणारीवरनं. जिनं जन्मभर दुसरीचं मूल वाढवलं तिला काय वाटलं, हे त्या लिहिणारणीला विचारावंसं वाटलं नाही आणि तुम्हालाही नाही."

भास्करराव मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आले आणि तिथे म्हणाले, "मलाही दिलेला आहे, मास्तर."

मला आधी कळलंच नाही.

"पोलादपूरच्या वर, कापडे गावाच्या वाटेला आमची वाडी आहे. मी पाच वर्षांचा होतो. इथं महाडात मावशीचं किराणा दुकान होतं, तिला मूलबाळ नव्हतं. तिनं मला शाळेत घातलं, नाव बदलून भास्कर केलं. मूळ नाव भिकू. मावशी देवमाणूस, तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण सहा भावंडांत मलाच का दिला? मी सगळ्यांत काळा होतो. हट्टी होतो. खायचोही फार. यातलंच काहीतरी असणार." हे ते इतक्या सरळपणे म्हणाले, जणू फळीवरचं पुस्तक शोधत होते.

"आईला विचारलं नाहीत कधी?"

"वर्षातून एकदा जातो. लुगडं देतो. असलं काय विचारायचं?"

तोवर जोगळेकरांनी महिनाअखेरची बैठक बोलावली होती. पुस्तक काढून टाकायचं की ठेवायचं, एवढाच विषय. आणि पुस्तक भास्कररावांनी मागवलेलं असल्यामुळे त्यांनी आपलं मत द्यावं, असं ठरलं. वकिलांनी ते ज्या आवाजात सांगितलं त्यात नोकरीचाही विषय होता, हे सगळ्यांना समजलं. बैठकीच्या आदल्या रविवारी भास्करराव सकाळीच माझ्या दारात उभे. काखेत ते पुस्तक.

"पोलादपूरला येता? एकट्यानं जायला धीर होत नाही."

मोटारीनं पोलादपूर आणि पुढे दोन कोस चढणीची पायवाट. पीक निघालं होतं. वाडीत पोचलो तेव्हा त्यांची आई अंगणात सुपानं नाचणी पाखडत होती. वाळलेली, ताठ, सत्तरीची बाई. मुलाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, घोंगडी आंथरली, गूळपाणी आणलं.

"बसा. लय दिसांनी येनं केलंत," ती म्हणाली. पोटच्या मुलाला ती 'तुमी' म्हणत होती. भास्कररावांना त्याची सवय असावी.

थोरला भाऊ दामू उंबऱ्यावर बसून विळ्याला मूठ बसवत होता. आत त्याची बायको आणि एक सातआठ वर्षांची मुलगी. भास्कररावांनी कशाला आलो ते काही सांगितलं नाही. पुस्तक उघडलं आणि जानकीचं मूल जातं तिथपासून ती सकाळी उशिरा उठते तिथपर्यंत वाचून दाखवलं. अगदी स्पष्ट, सावकाश. म्हातारीचं सूप चालूच होतं.

"कोनाची ती जानकी? कुठल्या गावची?" तिनं विचारलं.

"गावची नाही. पुस्तकातली आहे."

"म्हंजी खोटी."

"खोटी म्हणजे... कोणीतरी मनानं रचलेली."

"मंग तिचं येवढं काय? झोपली तर झोपली. दमली असल."

जोगळेकरांपासून काझीशेठपर्यंत हे कोणी म्हणालं नव्हतं. भास्कररावांनी पुस्तक मिटलं आणि एकदम विचारलं, "आई, मला दिलंस, तेव्हा तुला झोप लागली होती?"

सूप थांबलं. दामूचा विळाही थांबला.

"तवाचं मला काय पन आठवत नाय," ती म्हणाली. मग, आमच्याकडे न बघता, "तुला द्यायचं नव्हतंच रे, भिकू. दामूला द्यायचं ठरलं व्हतं."

भास्कररावांनी दामूकडे पाहिलं. दामू खाली बघत होता.

"माज्या बहिनीनं दामूच मागितला व्हता. खाली वाटंला गाडी आली त्या दिशी दामूचं अंग तापलेलं. गाडीवाला थांबंना. बहीन म्हनली, रिकाम्या ओटीनं कशी जाऊ? तू हितंच खेळत व्हतास, अंगनात. उचलला नि दिला. दामूला बरं वाटलं की बदलून घेऊ, असं बोलनं झालं व्हतं."

"मग?"

"मंग पावसाळा लागला. नदीला पानी. मागनं कळलं, तू साळंत जातोस, रडत नाहीस. मंग ऱ्हायलं."

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं. शेवटी दामूच म्हणाला, "मला ठावं व्हतं. ताप नसता आला तर आज तू हितं नाचणी झोडली असतीस, नि मी टोपी घालून पुस्तकं वाटली असती." आणि तो हसला. ते हसणं कसलं होतं हे मला सांगता येणार नाही. त्यात राग नव्हता, पण तो नुसता विनोदही नव्हता. भास्कररावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून बसले.

मग आतून दामूची बायको म्हणाली, "भावजींनी आमच्या पारूला न्यावी म्हाडाला. तिथं पोरींची साळा हाय म्हनत्यात."

दामू बायकोवर रागावला नाही आणि तिला दुजोराही दिला नाही. मुलगी आईच्या पाठीमागून आमच्याकडे टकमक बघत होती.

"बघू," भास्करराव म्हणाले. एवढंच.

मला वाटत होतं, म्हातारी आता जेवून जा म्हणेल. भास्कररावांनाही वाटत असावं, कारण ते उठायला उशीर लावत होते. पण तिनं नाचणीच्या चार भाकऱ्या पानात बांधल्या, वर सुकटीची चटणी ठेवली आणि म्हणाली, "निघा आता. मोटार चुकंल."

पोलादपूरला मोटारीची वाट बघत आम्ही त्या भाकऱ्या खाल्ल्या. भास्करराव दुसरी भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मास्तर, पस्तीस वर्षं मी कारण शोधतोय. काळा होतो म्हणून, हट्टी होतो म्हणून. तर कारणच नव्हतं. हे बरं झालं की वाईट?"

मी म्हणालो, "बरंच म्हणायचं. तुम्ही नकोसे नव्हता."

"हो. पण तिच्या मनात दामू द्यायचा होता. म्हणजे दामू नकोसा होता? त्याला हे ठाऊक आहे आणि तो तिथंच राहून तिला सांभाळतोय. आणि मी लुगडं देतो." त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "काहीच जुळत नाही हो."

बैठक बुधवारी झाली. जोगळेकरांनी ठराव वाचला, हेडमास्तरांनी त्याविरुद्ध वीस मिनिटं भाषण केलं. काझीशेठ म्हणाले, सणांचं सोडलं तर पुस्तक चांगलं आहे. मग भास्करराव उभे राहिले. घामानं त्यांची टोपी कपाळाला चिकटली होती.

"मी हे पुस्तक चार वेळा वाचलं. याचं सार मला काढता येत नाही. प्रत्येकजण वेगळं सांगतो आणि ज्याचं ऐकावं ते त्या वेळी खरं वाटतं. आजवर जी पुस्तकं मला कळली ती मी इथं ठेवली, कोणी जाब विचारला नाही. आता मला कळत नाही म्हणून हे काढलं, तर चूक माझी आणि शिक्षा पुस्तकाला."

"हे काही मत नव्हे," जोगळेकर म्हणाले.

"नाही. मत नाहीच माझ्याजवळ."

वकील वैतागले. "ते पुस्तक आणा इकडे. आक्षेपार्ह पानं वाचून दाखवतो आणि मतं घेऊ."

भास्कररावांनी देण्याघेण्याची वही उघडली, बोट फिरवलं आणि त्यांच्या नेहमीच्या भाबड्या आवाजात सांगितलं, "प्रत बाहेर आहे. सोमवारी आपल्याच नावावर गेली. आपल्या घरून काकूंनी गड्याकरवी तिसऱ्यांदा मागवली."

यात त्यांचा काही डाव नव्हता. कोणी विचारलं की वहीत बघून सांगायचं, एवढंच त्यांना माहीत. पण जोगळेकरांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. राग येता येता मध्येच थांबला आणि त्या जागी एक प्रश्न आला. काही वेळ ते वहीच्या त्या ओळीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पुढच्या बैठकीत पाहू," आणि छत्री घेऊन निघून गेले. पुढच्या बैठकीत तो विषय निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काकूंनी मात्र पुस्तक महिनाभर परत केलं नाही, आणि भास्कररावांनी एकदाही आठवण पाठवली नाही.

भास्कररावांनी चिठ्ठ्या लिहिणं पुढेही सोडलं नाही, पण त्यांच्या ओळी लांबू लागल्या. 'असे वाटते,' 'काही जण म्हणतात,' 'निश्चित सांगता येत नाही,' असं काहीबाही येऊ लागलं. वाचकांनी तक्रार केली की पूर्वीच्या चिठ्ठ्या बऱ्या होत्या.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामान बैलगाडीत घालून मी मुंबईकडे जाणारी लाँच धरायला दासगावच्या बंदरावर गेलो, तर भास्करराव आधीच येऊन उभे होते. बरोबर लाल परकर नेसलेली दामूची पारू. त्या वर्षीच्या जूनपासून ती महाडच्या शाळेत जात होती, काशीबाईंकडून दोन वेण्या घालून घेत होती. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याबद्दल भास्करराव कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"आम्ही घेतलेली नाही हं तिला," ते आधी म्हणाले. "शिकायला ठेवलीय. दर महिन्याला मी तिला वाडीवर नेतो. आईला विसरायला नको. तिथं छान खेळते, आजीच्या मांडीवर लोळते. पण परतायची वेळ झाली की हीच आधी धावते, आणि पोलादपूरला मोटारीत आधी जाऊन बसते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. वहिनी दारात उभी असते, तिच्याकडे मला बघवत नाही."

"रमली आहे, चांगलंच झालं," मी म्हणालो.

"चांगलं झालं ना?" त्यांनी लगेच विचारलं. "परवा पोरीनं आमच्या हिला चुकून 'आये' म्हणून हाक मारली. ही तशीच आत निघून गेली, आणि संध्याकाळपर्यंत हिनं पोरीशी धड बोलणं केलं नाही. रात्री विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही कळायचं. खरंच नाही कळलं, मास्तर. तुम्ही शिक्षक आहात. मी पोरीला परत नेऊन पोचवू का?"

त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. तेवढ्यात भोंगा झाला आणि खलाशानं ओरडून मला आत घेतलं.

लाँच निघाली. काठावर पारू दोन्ही हात वर करून हलवत होती, मला नव्हे, लाँचमधल्या सगळ्यांना. पाणी जवळून बघायला ती पुढे पुढे सरकत होती. भास्कररावांनी तिचं मनगट पकडलं. तिनं ते सोडवून घेतलं. मग त्यांनी वाकून तिच्या परकराचं टोक मुठीत धरलं आणि ती जिकडे ओढेल तिकडे, एक हात माझ्या दिशेनं हलवत, ते तिच्यामागून जात राहिले.